फॉर्म गेलाय? आधी फॉल्ट शोधा!

बॅट तीच, मैदान तेच, हातही तेच, पण रन काही होत नाहीत. गेल्या महिन्यात सहज बसणारे स्मॅश आता नेटमध्ये जातात. कॅरमची सोपी सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी जाऊन अडते. याला आपण म्हणतो, ‘फॉर्म गेला’. मग सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. ग्रिप बदल, स्टान्स बदल, बॅट बदल! चार दिवसांत दहा गोष्टी बदलतात आणि होता तोही खेळ बिघडतो. काही जण तर गॅदरिंगच्या टीममधून नावच काढून घेतात.

मित्रांनो, लॅबमध्ये सर्किट चाललं नाही तर आपण सगळ्या वायरी एकदम उपटतो का? आधी सप्लाय बघतो, मग कनेक्शन, मग एकेक कॉम्पोनंट. फॉर्म जाणं हाही एक फॉल्टच आहे. तो क्रमाने शोधायचा असतो.

पहिली पायरी : फॉर्म खरंच गेलाय का?

समजा, समोरचा खेळाडू अगदी तुमच्या तोडीचा आहे. जिंकण्या-हरण्याची शक्यता निम्मी निम्मी. आता ठरावीक पाच गेम सलग हरण्याची शक्यता ३२ मध्ये १, म्हणजे जेमतेम तीन टक्के. पण असे १०० गेम खेळलात, तर त्यात कुठेतरी सलग पाच पराभव येण्याची शक्यता तब्बल ८१ टक्के आहे! म्हणजे खेळ जराही न बिघडता असा पट्टा येणारच. म्हणून एक वही करा. आउट कसे झालात, कोणत्या चेंडूवर, एवढंच लिहा. दरवेळी कारण वेगळं असेल तर तो बहुधा नशिबाचा भाग. तेच तेच कारण येत असेल तर मात्र फॉल्ट आहे.

नोबेल विजेते मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांनी इस्रायली हवाई दलातल्या प्रशिक्षकांचा किस्सा लिहून ठेवला आहे. प्रशिक्षक म्हणायचे, “कौतुक केलं की पुढचं उड्डाण बिघडतं, झापलं की सुधारतं.” काहनेमन यांच्या लक्षात आलं, की फार वाईट कामगिरीनंतरची कामगिरी बहुतेकदा आपोआपच सरासरीकडे येते. श्रेय मात्र झापण्याला मिळतं! आपल्या कोच मंडळींनी आणि सर लोकांनीही हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

दुसरी पायरी : सप्लाय तपासा

सप्लाय म्हणजे शरीर. सबमिशनच्या आठवड्यात तीन-चार तास झोप, मेसचं जेवण अर्धं टाकलेलं, खांदा दुखतोय, आणि आपण दोष देतो बॅकलिफ्टला! नाशिकमध्ये ‘गोल्फ क्लब मैदान’ म्हटलं की क्रिकेट आठवतं, पण इथे उदाहरण खऱ्या गोल्फचंच घेऊ. टायगर वूड्स २०१३ मध्ये जगात पहिल्या क्रमांकावर होता. पाठीच्या दुखण्याने २०१७ च्या अखेरीस तो १,१९९ व्या क्रमांकापर्यंत घसरला. त्याच वर्षी त्याच्या मणक्याची मोठी शस्त्रक्रिया झाली होती. आधी पाठ सावरली, मग खेळ. एप्रिल २०१९ मध्ये त्याने मास्टर्स जिंकली. शरीर साथ देत नसताना नुसता सराव वाढवून काय उपयोग?

तिसरी पायरी : एकच गोष्ट बदला

२००३-०४ चा ऑस्ट्रेलिया दौरा. पहिल्या तीन कसोटींत सचिनचे स्कोअर होते ०, १, ३७, ०, ४४. पाच डावांत ८२! ऑफ स्टंपबाहेरचे चेंडू त्याला त्रास देत होते. सिडनीला त्याने ना बॅट बदलली, ना शैली. कव्हर ड्राइव्ह तेवढा बाजूला ठेवला. मोह होईल असे चेंडू येत राहिले, तो सोडत राहिला. ४३६ चेंडूंत नाबाद २४१! दुसऱ्या डावात नाबाद ६०. काही नवीन शिकण्यापेक्षा नडणारी एक गोष्ट तात्पुरती थांबवणं, हा इलाज त्याने केला. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळणार कसं? प्रॅक्टिकलला आपण एक व्हेरिएबल बदलून बाकीचे स्थिर ठेवतो, तेच इथे.

चौथी पायरी : पुढच्या फेरीला उभे राहा

हे उदाहरण आपल्या मनमाडच्या शेजारचंच. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. टँकरची वाट बघणाऱ्या आपल्या भागातला, विहिरी खोदण्याचं काम केलेला हा मुलगा लष्करात गेल्यावर वल्ही मारायला शिकला आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकमध्ये १३ वा आला. ऑगस्ट २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तो आजारी होता. वैयक्तिक शर्यतीच्या फायनलमध्ये शेवटचा आला. दुसऱ्याच दिवशी सवर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग या साथीदारांबरोबर तो चौघांच्या बोटीत बसला आणि सुवर्णपदक जिंकलं! काल शेवटचा आलो म्हणून आज बोटीत बसायचं नाही, असं त्याने ठरवलं असतं तर?

आता हे फक्त खेळापुरतंच आहे का? एम-थ्रीला के.टी. लागली की हॉस्टेलमध्ये काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पोरगा मेसला यायचा बंद होतो, रूमचं दार लावून घेतो, “इंजिनिअरिंग आपल्याला जमणार नाही” म्हणतो. एक पेपर गेला म्हणजे माणूस नापास झाला असं नसतं. तिथेही क्रम तोच. मार्कलिस्ट नीट वाचा, झोप आणि जेवण सांभाळा, अडलेलं एक युनिट धरा, आणि पुढच्या परीक्षेचा फॉर्म वेळेवर भरा.

आणि रूम पार्टनर मंडळी, त्याला दहा सल्ले देऊ नका. सकाळी त्याच्याबरोबर ग्राउंडवर जा, वीस मिनिटं बॉल टाका, किंवा एक गणित सोबत बसून सोडवा. फॉर्म परत यायला थोडा वेळ लागतो, तोवर मैदानात टिकायला कुणीतरी सोबत लागतं. बघा, पटतंय का!