तारखेच्या फाईली: भाचीला कानमंत्र

पोरी, चिखलीच्या तुमच्या शेतकरी कंपनीत पावसाची माहिती आता तू सांभाळणार म्हणतेस, तर काही गोष्टी आधीच कानावर घालतो. रोज सकाळी उपग्रहाच्या पावसाची माहिती देणाऱ्या सर्व्हरवर जायचं, कालच्या तारखेची फाईल शोधायची, उतरवायची आणि फोल्डरात टाकायची, हे हाताने जूनभर जमतं. जुलैत कास्तकारांचे फोन सुरू झाले की मागे पडतं, आणि नेमकी तेव्हाच त्या फाईलींची गरज असते. तेव्हा हे काम मशीनकडे सोपवायचं ठरवलंस ते चांगलंच केलंस. पण मशीनला काय सांगून सोपवतेस, त्यावर सगळं अवलंबून आहे.

बहुतेक जण सांगतात, ‘रोज सात वाजता कालची फाईल आण.’ तू असं सांगू नकोस. तू सांग, ‘मागच्या पंधरा दिवसांतली जी फाईल आपल्याकडे नाही, ती आण.’

दोन्ही सारखंच वाटतं, पण तसं नाही. सकाळी लाइन गेली, नेट बसलं, तिकडचा सर्व्हर दुरुस्तीला काढला किंवा फाईलच दोन दिवस उशिरा चढली, असं पावसाळ्यात एकदा तरी होतंच. पहिल्या सांगण्यात तो दिवस कायमचा हुकतो, कारण उद्या मशीन उद्याचाच विचार करतं. दुसऱ्या सांगण्यात ते भोक पुढच्या फेरीत आपोआप बुजतं. प्रोग्राम काही मोठा नाही. एक ते पंधरा मोजायचं, आजच्या तारखेतून तेवढे दिवस वजा करायचे, त्या तारखेचं नाव तयार करायचं, तशी फाईल आपल्याकडे आहे का बघायचं, असेल तर पुढे जायचं, नसेल तर मागायची. दहा-बारा ओळींत होतं. दिवसातून दोनदा चालला तरी काही बिघडत नाही, कारण जे आहे ते तो पुन्हा मागतच नाही.

एका फाईलचं एवढं काय, असं कुणी तुला म्हणेल. 2023 चा हंगाम आठव. 22 जुलैला संग्रामपूर आणि जळगाव जामोदकडे पुराने वावरं खरवडून नेली, आणि लगेच पुढचा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी गावोगाव दोनच आकडे चर्चेत होते. एक, महसूल मंडळात चोवीस तासांत पाऊस 65 मिलिमीटरच्या वर गेला का, म्हणजे अतिवृष्टी धरायची का. दुसरा, पावसाचा खंड एकवीस दिवसांच्या वर गेला का, कारण विम्याच्या आगाऊ रकमेचं बोलणं तेव्हा तिथून सुरू व्हायचं. पावसाची अधिकृत नोंद सरकारमान्य केंद्राचीच धरतात, उपग्रहाच्या फाईलची नाही, हे कास्तकाराला पहिल्यांदाच स्पष्ट सांग. पण मंडळातलं केंद्र काय म्हणतं आणि आजूबाजूच्या भागात काय दिसतं, हे सलग मांडून दाखवता आलं तर त्याच्या अर्जाला वजन येतं. ते सलग हवं. मधली एक फाईल नसली आणि तुझ्या तक्त्याने तिथे शून्य मांडलं, तर पाऊस पडलेला दिवस कोरडा होतो आणि खंड कागदावर लांबतो. म्हणून नसलेली फाईल म्हणजे शून्य पाऊस नव्हे, हे तक्ता करतानाच पक्कं कर. जिथे फाईल नाही तिथे रकाना रिकामाच राहू दे.

आपल्या जिल्ह्याला सरासरी तर चालतच नाही. घाटाखालचं पाणी पूर्णेतून तापीला जातं आणि घाटावरच्या पैनगंगेचं गोदावरीच्या खोऱ्यात. मलकापूर-नांदुऱ्याला ऊन आणि मेहकरला नाले भरून वाहताहेत, असे दिवस तू पाहिलेले आहेस. म्हणून जिल्ह्याचा एक आकडा न घेता नकाशाच्या लहान चौकटींप्रमाणे पाऊस देणाऱ्या फाईली घ्यायच्या. नासाच्या आयमर्ग नावाच्या माहितीची चौकट 0.1 अंशाची, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटरची असते. अमेरिकेतल्या सांता बार्बरा विद्यापीठाची चर्प्स 0.05 अंशाची आहे आणि 1981 पासूनची मिळते. आपल्या हवामान खात्याची 0.25 अंशाची चौकट मोठी, पण तिचा इतिहास 1901 पर्यंत मागे जातो. कुठलीही घेतलीस तरी एका चौकटीवर एका वावराचा निर्णय करू नकोस.

आता तारखेचं. इथे सावकाश वाच.

फाईलच्या नावात 20230721 लिहिलंय, तर ती 21 जुलै कुणाची? आयमर्गचा दिवस जागतिक प्रमाणवेळेने, म्हणजे यूटीसीने मोजतात. आपण तिच्यापुढे साडेपाच तास. म्हणून ती फाईल आपल्याकडच्या 21 जुलैच्या पहाटे साडेपाचला सुरू होते आणि 22 च्या पहाटे साडेपाचला संपते. हवामान खात्याची पद्धत वेगळी. पर्जन्यमापक सकाळी साडेआठला मोजतात आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजणीच्या तारखेवर लिहितात. समज, 21 च्या रात्री अकरापासून पहाटे चारपर्यंत बदाबदा कोसळला. उपग्रहाच्या फाईलीत तो 21 तारखेला सापडेल. खात्याच्या नोंदीत तोच पाऊस 22 तारखेला असेल. गावातला माणूसही बावीसचा पूर म्हणेल, कारण सकाळी उठून पाणी त्याने बावीसला पाहिलं. तू तारखेला तारीख जुळवून दोन्ही रकाने शेजारी ठेवलेस, तर एकात धो धो आणि दुसऱ्यात कोरडं दिसेल, आणि कुणीतरी म्हणेल की उपग्रह खोटं बोलतो.

तेव्हा जुळवताना उपग्रहाची 21 ची फाईल खात्याच्या 22 च्या नोंदीशी लाव. तरीही सकाळी साडेपाच ते साडेआठ या तीन तासांचा फरक उरतो. तोही नको असेल तर दिवसाची फाईल सोडून अर्ध्या-अर्ध्या तासाच्या फाईली घ्यायच्या. आपले सकाळचे साडेआठ म्हणजे यूटीसीचे बरोबर तीन, म्हणून 21 च्या तीनपासून 22 च्या अडीचला सुरू होणाऱ्या फाईलीपर्यंत मोजून अठ्ठेचाळीस घेतल्या की खात्याचा दिवस जसाच्या तसा बसतो. काम वाढतं, पण अतिवृष्टीच्या दिवसासाठी ते करण्यासारखं आहे. रोजच्यासाठी नको.

याच कारणाने फाईल कधी मागायची हेही बघ. आयमर्गची पहिली घाईची आवृत्ती सुमारे चार तासांत येते, जरा सुधारलेली चौदा तासांनी आणि शेवटची, जमिनीवरच्या पर्जन्यमापकांशी ताडून पाहिलेली, साधारण साडेतीन महिन्यांनी. 21 ची दिवसाची सुधारलेली फाईल आपल्याकडच्या 22 च्या संध्याकाळी तयार होते. सकाळी सातला मागणाऱ्याला ती मिळणारच नाही, आणि त्यात कुणाचीच चूक नसते. पंधरा दिवसांची खिडकी ठेवलीस की हा प्रश्नच उरत नाही. शेवटची आवृत्ती येईल तेव्हा सोयाबीन विकून झालेलं असेल, तरी ती घेऊन ठेव. पण घाईच्या फाईलवर तिला चढवू नकोस. तिचं फोल्डर वेगळं. ज्या दिवशी जो आकडा कास्तकाराला सांगितला, तो कुठून सांगितला हे दाखवता आलं पाहिजे.

नावाच्या साच्यातही खाचखळगे आहेत. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, हा क्रम सगळ्यात उत्तम. आयएसओ 8601 हे मानक 1988 मध्ये आलं, त्याचाही हाच क्रम. नावाने लावलं की फाईली तारखेनेही आपोआप लागतात. तुमच्या कंपनीत तू स्वतः ज्या फाईली बनवशील, त्यांना हाच क्रम दे. पण दुसऱ्याच्या सर्व्हरवर दुसऱ्याचा साचा चालतो. नासाच्याच मोडिस या उपग्रहावरच्या उपकरणाच्या फाईलीत महिना नसतोच, वर्षातला कितवा दिवस ते असतं. 22 जुलै 2023 म्हणजे 2023203. लीप वर्षात फेब्रुवारीनंतर हा आकडा एकाने सरकतो, म्हणून हाताने बेरीज करू नकोस, प्रोग्रामच्या तारखेच्या आज्ञेकडूनच काढून घे.

आणि एम या अक्षराकडे नीट बघ. लिनक्सच्या तारखेच्या आज्ञेत लहान एम म्हणजे महिना आणि मोठा एम म्हणजे मिनिटं. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये बरोबर उलटं. फाईली उतरवणाऱ्या विनएससीपी या प्रोग्राममध्ये महिन्याला दोन एम आणि मिनिटांना दोन एन. उलटसुलट झालं तर महिन्याच्या जागी मिनिटं बसून 20232322 असलं नाव तयार होतं आणि सर्व्हर म्हणतो, अशी फाईल नाही. ते बरं, लगेच कळतं. वाईट असं की जुलैत सात वाजून सात मिनिटांनी चाचणी घेतलीस तर महिनाही 07 आणि मिनिटंही 07, सगळं व्यवस्थित चालल्यासारखं दिसतं. म्हणून चाचणीत तयार झालेलं नाव डोळ्यांनी वाच, आणि मिनिटं बदलून पुन्हा वाच. विंडोजच्या जुन्या बॅच फाईलीत तारीख थेट घेण्याचंही टाळ. मशीनच्या प्रादेशिक सेटिंगप्रमाणे तिचा क्रम बदलतो, म्हणजे तुझ्या मशीनवर चाललेलं शेजारच्या मशीनवर चालेलच असं नाही.

साचे बदलतातही. आयमर्गच्या नावाच्या शेवटी आवृत्तीचा क्रमांक असतो. व्ही 06 चं व्ही 07 झालं तेव्हा पूर्ण नाव लिहून ठेवलेले प्रोग्राम अडले. 2024 च्या जुलैत राष्ट्रीय शेअर बाजाराने रोजच्या भावांच्या फाईलीचा, भावकॉपीचा, साचा बदलला तेव्हाही तसंच झालं. म्हणून तारीख सोडून नावाचे बाकीचे तुकडे प्रोग्रामच्या माथ्यावर एका जागी लिहून ठेव, बदल करायला दोन मिनिटं लागतील. पुढे तुम्ही एखाद्या खासगी कंपनीची हवामान केंद्रं घेतलीत आणि रोजच्या फाईली तिच्या सर्व्हरवरून येऊ लागल्या, तर साचा बदलण्याआधी कळवण्याची अट करारातच घाला.

आता फाईल खरोखर आली का ते. तुझा प्रोग्राम ‘नाही ते आण’ या तत्त्वावर चालणार, म्हणजे ‘आहे’ कशाला म्हणायचं हे काटेकोर हवं. फाईल उतरवणाऱ्या डब्ल्यूगेट या आज्ञेला तू नाव देऊन उतरवायला सांगितलंस आणि सर्व्हरवर फाईल नसली, तर त्या नावाची शून्य बाइटची रिकामी फाईल मागे उरते. त्याच कामाच्या कर्ल या आज्ञेला चूक दिसल्यावर थांब असं वेगळं सांगितलं नाही, तर तो ‘पान सापडलं नाही’ हे पानच फाईल म्हणून ठेवून देतो. नासाच्या सर्व्हरवर लॉगिन चुकलं तर लॉगिनचं पान उतरतं, आणि नाव मात्र पावसाच्या फाईलचंच. पुढच्या फेरीत प्रोग्राम बघतो, नाव आहे, म्हणजे फाईल आहे. ते भोक मग कधीच बुजत नाही.

उपाय सोपा. उतरवताना नावामागे ‘पार्ट’ जोड. पूर्ण उतरली, आकार नेहमीच्या जवळपास आहे, पहिली अक्षरं बरोबर आहेत, हे तपासून झालं की मगच खरं नाव दे, आणि ‘आहे का’ बघतानाही नुसतं नाव न बघता हीच तपासणी लाव. पहिल्या अक्षरांची तपासणी मला फार भरवशाची वाटते. पावसाची माहिती ज्यात येते त्या नेटसीडीएफ प्रकारातल्या नव्या फाईलच्या तोंडाशी एचडीएफ ही अक्षरं असतात, झिपच्या तोंडाशी पीके. तिथे ‘डॉकटाइप एचटीएमएल’ दिसलं तर ते वेब पान आहे, पाऊस नाही. पासवर्ड प्रोग्राममध्ये लिहू नकोस. त्यासाठी नेटआरसी नावाची वेगळी फाईल असते, ती तुझ्याशिवाय कुणाला वाचता येणार नाही अशी ठेव. प्रोग्राम चार जणांना व्हॉट्सॲपवर जातो, पासवर्ड जाता कामा नये.

मशीनचं थोडक्यात सांगतो. ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या लिनक्सच्या क्रॉनमध्ये तारखेची आज्ञा थेट लिहिलीस तर टक्क्याच्या (%) चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ हवी, नाहीतर क्रॉन तिथेच ओळ तोडतो. हाताने चालणारी आज्ञा क्रॉनमध्ये चालत नाही त्याचं हे एक नेहमीचं कारण. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये लॅपटॉप चार्जरवर असेल तरच काम सुरू करायचं, अशी खूण मुळातच केलेली असते. लाइन गेलेली असताना बॅटरी भरलेली असूनही फाईल का आली नाही, याचं उत्तर तिथे सापडेल. ती खूण काढ, आणि चुकलेलं काम जमेल तितक्या लवकर चालवण्याची खूण कर. वेळ सातच्या ठोक्याची न ठेवता सात वाजून तेवीस मिनिटांची ठेव. ठोक्याला सगळं जग एकदम त्या सर्व्हरवर येतं. एका वेळी एकच फाईल माग, मध्ये काही सेकंद थांब. ही माहिती फुकट देणारी माणसं आहेत, त्यांच्या सर्व्हरला त्रास देऊ नये.

रोज एक निरोप स्वतःला येईल असं कर: ‘पंधरापैकी चौदा, 21 ची नाही.’ फक्त बिघडल्यावर निरोप येण्याची सोय पुरत नाही, कारण मशीनच बंद असलं तर बिघाडाचा निरोप पाठवणार कोण?

आणि दरवर्षी मे महिन्यात, पेरणीची धावपळ सुरू व्हायच्या आत, अलीकडच्या दिवसांच्या तीन-चार फाईली मुद्दाम फोल्डरातून हलव. एका जागी त्याच नावाची रिकामी फाईल ठेव, एका जागी कुठलंही वेब पान त्या नावाने ठेव. मग मशीनला हात न लावता दुसऱ्या दिवसापर्यंत थांब. सगळ्या जागा खऱ्या फाईलींनी भरलेल्या दिसल्या आणि निरोपात पंधरापैकी पंधरा, किंवा अजून तयार न झालेली कालचीच तेवढी कमी, असं आलं, तर जून सुरू होऊ दे. नाही आलं तर मला फोन कर, आपण बसून बघू.