भूसुरुंग व मोकळी झालेली जमीन
(वरच्या इयत्तांसाठी पाठाची टिपणे)

विहिरीच्या कामावर सुरुंग पेटविण्यापूर्वी गडी मोठ्याने आरोळी देतो आणि माणसे दूर जातात, हे खेड्यातील मुलांस ठाऊक असते. पाठाचा आरंभ येथूनच करावा. युद्धात पुरलेला भूसुरुंग आरोळी देत नाही. ज्याचे पाऊल पडेल तोच त्याची वात पेटवितो. ते पाऊल शिपायाचे की सरपणास निघालेल्या बाईचे, हे त्यास कळत नाही. तह झाल्याचेही कळत नाही.

उदाहरणासाठी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मोझांबिक देश नकाशात दाखवावा. गोव्याप्रमाणे हा मुलूखही पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता. गोवा १९६१ साली मुक्त झाला, मोझांबिक १९७५ साली. पुढे दोनच वर्षांत तेथे यादवी पेटली व ती १९९२ च्या तहापर्यंत चालली. पोर्तुगीजांनी सुरुंग पुरलेच होते. नंतर सरकार व बंडखोर या दोन्ही पक्षांनी पुरले. पूल, लोहमार्ग, विजेच्या तारांचे मनोरे यांभोवती ते पेरले गेले, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांची नोंदही ठेवली गेली नाही. सुरुंग कोणी पुरले, असे मुले विचारतीलच. उत्तर देताना एकाच पक्षास दोष देऊ नये.

शेतात दोनच सुरुंग असले तरी सारे शेत पडीक राहते, कारण ते दोन कोठे आहेत हे कोणास माहीत नसते. हा मुद्दा मुलांकडूनच काढून घ्यावा.

आता सुरुंग काढण्याची रीत. सुमारे एक मीटर रुंदीचा पट्टा दोऱ्यांनी आखतात. तोंडावर जाड पारदर्शक ढाल व अंगात संरक्षक कवच घालून मनुष्य पुढे सरकतो. प्रथम गवत हलक्या हाताने कापावयाचे, मग धातुशोधक यंत्र फिरवावयाचे. यंत्र वाजले की तिरक्या सळईने माती हळूहळू टोचून पाहावयाची. सळई सरळ खाली खुपसावयाची नाही, कारण सुरुंगाची कळ बहुधा वरच्या अंगास असते. यंत्र खिळ्यासही वाजते व डब्याच्या पत्र्यासही. प्रत्येक वेळी तितक्याच सावधपणे उकरावे लागते. सापडलेला सुरुंग बहुधा जागच्या जागीच उडवितात. शाळेच्या अंगणात असा दहा मीटरांचा पट्टा आखून, मातीत चार खिळे लपवून, ते शोधण्यास लागणारा वेळ मुलांकडून मोजवावा. मात्र त्याची शर्यत करू नये.

मोझांबिकमध्ये या कामी उंदरांचीही मदत झाली. 'अपोपो' या संस्थेने टांझानियात घुशीहून मोठ्या आफ्रिकी उंदरांस स्फोटक द्रव्याचा वास ओळखावयास शिकविले. वास आला की उंदीर माती खरवडतो व केळ्याचा तुकडा मिळवितो. दीड किलोच्या आतबाहेर वजन असल्याने त्याच्या भाराने सुरुंग उडत नाही. त्यास खिळ्यापत्र्यांशी कर्तव्य नसल्यामुळे तो भराभर पुढे जातो. सुमारे दोनशे चौरस मीटर जागा तो अर्ध्या तासात तपासतो, असे ही संस्था सांगते. शेतकऱ्याचा वैरी म्हणून जो प्राणी आपण ओळखतो, त्याच्या जातभाईचे हे काम ऐकून मुले हसतील. हसू द्यावे.

सप्टेंबर २०१५ मध्ये मोझांबिकने आपली सर्व ज्ञात सुरुंगक्षेत्रे साफ झाल्याचे जाहीर केले. तहास तेव्हा तेवीस वर्षे होत आली होती. तहाच्या वर्षी जन्मलेले मूल तोवर किती वर्षांचे झाले असेल व त्याचे शालेय शिक्षण कोणत्या वर्षी संपले असेल, हे गणित फळ्यावर मांडावे.