अवाढव्य तबकडीची नेमकी दिशा

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ, खोडद व त्याच्या परिसरात, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या आहेत. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारलेली ही महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण होय. तारेच्या जाळीमुळे तबकडी दुरून हलकी भासते. तथापि तिच्या फिरत्या सांगाड्याचे वजन सुमारे ८२ टन असून तोलासाठी आणखी ३४ टन भार जोडलेला आहे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरत असताना हा डोलारा आकाशातील एकाच बिंदूवर रोखून धरावयाचा असतो.

तबकडी फिरविण्याचे काम विजेच्या मोटरी करतात. त्यांचे वेगवान फेरे दंतचक्रांच्या मालिकेतून मंदावत तबकडीपर्यंत पोहोचतात. मग मोटरीचे फेरे मोजले की दिशा कळणार नाही काय? कळेल, परंतु अंदाजे. जुन्या मालमोटारीचे सुकाणूचक्र थोडे वळविले तरी पुढचे चाक लगेच वळत नाही. दंतचक्रांच्या दात्यांतही अशीच मोकळीक असते. आदेश निघाला म्हणजे काम झाले असे नव्हे, हे प्रशासनातील वाचकांना वेगळे सांगावयास नको! म्हणून स्थिती मोजावयाची ती मोटरीपाशी नव्हे, तर प्रत्यक्ष तबकडीच्या आसापाशी.

हे मोजमाप ‘एन्कोडर’ करतो. त्यात आसाबरोबर फिरणारी एक चकती असते. तिच्यावरील पारदर्शक व अपारदर्शक पट्ट्यांतून प्रकाश जातो किंवा अडतो, आणि त्यावरून शून्य व एक या दोनच अंकांत कोन लिहिला जातो. खोडद येथील एन्कोडर सतरा अंकी आहेत. म्हणजे एका फेऱ्याचे १,३१,०७२ भाग पडतात आणि एक भाग पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या रुंदीच्या सुमारे १८०व्या हिश्शाएवढा भरतो.

येथे एक अडचण संभवते. गाडीच्या मीटरवर ०९९९ चे १००० होताना चारही अंक एकदम बदलतात. त्यांतील एक जरी मागे राहिला तरी वाचन भलतेच होते. म्हणून अशा चकत्यांवर बहुधा अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या फ्रँक ग्रे यांच्या नावाने ओळखली जाणारी अंकरचना वापरतात. तीत प्रत्येक पायरीला एकच अंक बदलतो. शिवाय हे वाचन फेरे मोजून काढलेले नसल्याने वीज जाऊन परत आली तरी कोन तत्काळ कळतो. ग्रामीण भागात या गुणाचे मोल मोठे आहे.

पुढचे काम तुलनेचे. संगणक अपेक्षित कोन सांगतो, एन्कोडर प्रत्यक्ष कोन सांगतो, आणि दोहोंतील फरकानुसार मोटरीला वीज मिळते. फरक घटत जाईल तसा वेगही घटवावा लागतो, अन्यथा तबकडी लक्ष्य ओलांडून पुढे-मागे झुलत राहील. दात्यांतील मोकळिकीवरही उपाय आहे. प्रत्येक आसाला दोन मोटरी असून त्या एकमेकींविरुद्ध किंचित ताण देतात, त्यामुळे दाते सदैव एकमेकांना टेकून राहतात.

वाऱ्याचा झोत आला की तबकडी ढळते, फरक उत्पन्न होतो आणि मोटरी तिला पूर्वस्थितीत आणतात. वारा ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास मात्र निरीक्षण थांबवून तबकडीचे तोंड थेट माथ्यावरील आकाशाकडे केले जाते.