फळीवर की कुंडीत?

कुडाळ
२० मे

चि. मुग्धा हिस,


तुझं पत्र आणि होयांचे फोटो पोचले. कोथरूडच्या त्या अरुंद गॅलरीत तू चार वेली जगवल्यास, याचं कौतुक वाटलं. आता भिंतीवर लाकडाच्या फळ्या ठोकून चारही वेली त्यांवर बांधायच्या म्हणतेस आणि विचारतेस, आत्या, होया फळीवर चांगली की कुंडीत? खिळे ठोकायच्या आधी विचारलंस ते बरं केलंस. माझं म्हणणं असं की, हे भिंतीची शोभा बघून ठरवू नकोस. तुझ्या घरातली हवा कशी आहे आणि दिवसाकाठी तुला वेळ किती मिळतो, यावरून ठरव.

होया रानात कशी राहते ते आधी समजून घे. बहुतेक होया झाडांच्या खोडांवर, फांद्यांवर वाढतात. त्या बांडगूळ नव्हेत. झाडाचा रस त्या शोषत नाहीत, नुसता आधार घेतात. आपल्या सह्याद्रीतही होया वाइटी आणि होया रेटुसा अशाच झाडांवर सापडतात. रेटुसाची पानं अरुंद, टोकाशी कापल्यासारखी असतात. तिथे मुळांवरून पावसाचं पाणी वाहून जातं, फटीतल्या पालापाचोळ्यात थोडी ओल राहते आणि बाकी सगळा वेळ मुळांना वारा लागतो. म्हणून होयाच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. कुंडीतली होया मेली की लोक म्हणतात, पाणी जास्त झालं. खरं तर पाण्याने मातीतली हवा हाकलून लावलेली असते आणि मुळं गुदमरून कुजलेली असतात. म्हणजे प्रश्न लाकूड की माती एवढाच नाही. भिजल्यावर मुळं किती वेळात सुकतात आणि त्यांना पुन्हा ओल कोण देतं, हा खरा प्रश्न आहे.

फळीवरची वेल काही तासांत सुकते. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हवेला बारा महिने थोडीफार ओल असते. इथे फळीवरची होया पावसाळाभर माझ्याकडे काही मागत नाही. पुण्याचं तसं नाही. तिथे पाऊस ७००-७५० मिलिमीटर, आणि एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता कित्येकदा २० टक्क्यांच्या खाली उतरते. तशा हवेत फळीवरच्या वेलीला रोज पाणी लागतं. नुसतं फवारून भागत नाही. फळी उतरवून दहा-पंधरा मिनिटं बादलीत बुडवून ठेवावी लागते. तू सकाळी आठला बाहेर पडतेस आणि रात्री परततेस. चार दिवस माहेरी आलीस तर फळ्या कोण बुडवणार? घरच्या मंडळींना कुंडीत तांब्याभर पाणी घालायला सांगता येतं, फळी उतरवायला सांगणं अवघड.

आता तुझ्या चार वेली एकेक करून घेऊ. कोणती वेल तहान सोसेल हे पान चिमटीत धरून बघितलं तर कळतं. होया कार्नोसाचं पान जाड, मांसल असतं. ती पानात पाणी साठवते आणि पानांवरची रंध्रं मुख्यतः रात्री उघडते, त्यामुळे पाणी कमी उडतं. तिला कुंडीतच राहू दे. तिथे ती जोमाने वाढेल आणि तुझा एखादा विसरभोळा आठवडा सहज पोटात घालेल. होया केरी, ती बदामाच्या आकाराच्या पानांची, हीसुद्धा कुंडीतच ठेव. तिची पानं जड असतात आणि वेल मोठी होते. हातभर फळीला ती पेलणार नाही. बाजारात तिचं एकच पान कुंडीत खोचून विकतात, ते मात्र कधी घेऊ नकोस. देठाबरोबर पेराचा तुकडा नसेल तर त्या पानाला मुळं फुटतात, ते वर्षानुवर्षं हिरवं राहतं, पण त्यातून वेल निघत नाही.

तिसरी लिनिआरिस. ती हिमालयाकडची, सुतळीसारख्या बारीक पानांची. तिला गारवा लागतो आणि कोरडं पडणं सोसत नाही. पुण्याच्या उन्हाळ्यात तिला फळीवर बांधणं म्हणजे तिचा जीव घेणं. टांगत्या कुंडीत, सावलीच्या बाजूला, खोलीतल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ती राहू दे. चौथी कर्टिसी. हिची पानं लहान, ठिपक्यांची, आणि वेल पृष्ठभागाला चिकटून सरपटते. फळीवर बांधायची हौस असेल तर हिच्यावर भागव. चारातली एक फळीवर, तीन कुंडीत, असा माझा हिशेब आहे.

फळीवाचून ज्यांचं चालतच नाही अशाही होया आहेत. इम्ब्रिकाटाची पानं ताटलीसारखी गोल असतात आणि खोडाला घट्ट चिकटतात. रानात त्या पानांखाली मुंग्या घर करतात, आणि त्यांनी आणून टाकलेल्या कचऱ्यावर वेलीची मुळं पोसतात. कुंडीत लावली तर त्या पानाला टेकायला जागाच नाही. अशी वेल पुढे कधी घेतलीस तर थेट लाकडावरच लाव. पण आधी कर्टिसीचा एक उन्हाळा निभावून दाखव, मग पैसे खर्च कर.

कर्टिसी बांधायची तर घाई करू नकोस, मृग लागू दे. पाऊस सुरू झाला की हवा ओली होते आणि मुळं लवकर धरतात. मुळं फुटलेली फांदीच घे. लाकूड खरबरीत सालीचं, रंग-पॉलिश न लावलेलं असावं. प्लायवूड नको, त्यातला डिंक पावसात सुटतो. नारळाचं सोडण मिळालं तर त्याहून उत्तम. मी दिवाळीत येताना आणीन, तोवर मंडईत शोध. सोडण दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून ठेव, म्हणजे त्यातला खार निघून जाईल. मुळांखाली ओल्या मॉसचा पातळ थर दे, वरून गळाच्या नायलॉन दोरीने बांध. दोरी वेल हलणार नाही इतकी घट्ट आणि खोडाला काचणार नाही इतकी सैल हवी. तांब्याची तार वापरू नकोस. फळीवर खताचा साठा नसतो, म्हणून वाढीच्या दिवसांत पंधरवड्यातून एकदा विद्राव्य खत, पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव प्रमाणात, बादलीतच मिसळ. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर मुळांवर क्षारांचा पांढरा थर चढतो. पावसाचं पाणी साठवता आलं तर साठव.

कुंडीतल्या तिघींना बागेतली माती अजिबात घालू नकोस, काळी तर नकोच. सोडणाचे तुकडे, विटेचे खडे, लाकडी कोळसा, थोडं कोकोपीट आणि मूठभर गांडूळखत एवढं पुरे. मी विटेऐवजी जांभ्याचे खडे घालते. सच्छिद्र असतात, पाणी अडत नाही. कुंडी भाजलेल्या मातीची आणि लहान घे. मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत त्या भागात ओल साचते आणि कूज तिथूनच सुरू होते. पावसाळ्यात या कुंड्या छताखाली सरकव. फळीवरची वेल मात्र खुशाल भिजू दे. दोन्ही प्रकारांचा कस लागतो तो वेगवेगळ्या ऋतूत: कुंडीचा आषाढ-श्रावणात, फळीचा चैत्र-वैशाखात.

एक गोष्ट नीट लक्षात ठेव. पान सुरकुतलं की लगेच पाणी ओतायचं नाही. फळीवरच्या वेलीचं पान सुरकुतलं तर बहुतेक वेळा तहानच असते. कुंडीतल्या वेलीचं सुरकुतलं तर आधी बोट खुपसून बघ. खाली ओल असेल तर मुळं कुजली आहेत, आणि वरून पाणी घातलंस तर उरलीसुरलीही जातील. तेव्हा वेल उपटून कुजकी मुळं काप, निरोगी फांदी नव्याने रुजव.

बाकीचं थोडक्यात. उजेड भरपूर दे, सकाळचं कोवळं ऊन चालेल, दुपारचं नको. पानं नसलेल्या लांबच लांब फांद्या फुटतात त्या कापू नकोस, वेल आधार शोधत असते. फुलं गळल्यावर तुऱ्याचा देठही तसाच ठेव, बहुतेक जातींत पुढच्या वेळी त्याच देठावर फुलं येतात. होया रुईच्या कुळातली आहे, तोडली की पांढरा चीक येतो. रुईवरचा पिवळा मावा हिच्यावरही येतो. तो दिसला, किंवा पेरात पिठ्या ढेकूण दिसला, तर ओल्या कापसाने पुसून निंबोळी तेल फवार. मुंग्यांची रांग दिसली की समज, वर मावा असणार.

आणि हो, आंबोलीला फिरायला गेलीस आणि झाडावर होया दिसली तर फोटो काढ, फांदी आणू नकोस. रोपवाटिकेत पाहिजे तितक्या मिळतात.

तेव्हा यंदा एकच फळी ठोक. पुढच्या मे महिन्यात त्या फळीवरची कर्टिसी हिरवी असेल तर मला कळव, दुसरी फळी मी स्वतः पाठवीन.



तुझी,
आत्या