फादर स्टीफन्स : ओवीतून शुभवर्तमान सांगणारे कवी



2024 साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या आनंदात आपण ज्ञानेश्वर, एकनाथ, तुकाराम यांचे स्मरण केले. त्यांच्याच ओवीच्या वाटेने चाललेल्या एका कवीचे नाव मात्र आपल्याच घरांत फारसे घेतले जात नाही. ते कवी म्हणजे येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स.

त्यांचा जन्म 1549 साली इंग्लंडमध्ये झाला. त्यांच्या तरुणपणी तेथे कॅथलिकांचा छळ होत होता. रोमला जाऊन ते येशूसंघात दाखल झाले आणि 1579 साली जहाजाने गोव्यास आले. 1619 साली देवाघरी जाईपर्यंत त्यांनी मुख्यतः गोव्यातील सासष्टी भागात सेवा केली आणि लोकांची भाषा आत्मसात केली.

नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती. धर्मशिक्षणातील प्रश्नोत्तरे पाठ होत, पण संध्याकाळी घरी बसून ऐकावे असे काही नव्हते. ही उणीव फादरांनी ओळखली. त्यातून 1616 साली रायतूर येथे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे 11,000 ओव्यांच्या या काव्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात जुन्या कराराची कथा, तर दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र. देवनागरी खिळे उपलब्ध नसल्याने हे मराठी काव्य रोमन लिपीत छापावे लागले.

त्यांनी ओवी का निवडली? संत थॉमस अक्वायनस शिकवतात की, जे ग्रहण केले जाते ते ग्रहण करणाऱ्याच्या रीतीनेच ग्रहण केले जाते. पाणी घागरीत घागरीचा आकार घेते, तसेच हे आहे. येथील लोकांचे कान ओवीला सरावले होते. म्हणून फादरांनी ओवी घेतली आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा लोकांच्या ओठांवरचा शब्दही घेतला. देवाचा शब्द मानव झाला, तो एका गावात, एका आईच्या बोलीत वाढला. त्या रहस्यावर श्रद्धा ठेवणाऱ्याला दुसऱ्याची भाषा परकी कशी वाटेल? मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या याच श्रद्धेतून आल्या आहेत.

पुढे 1684 साली पोर्तुगीज सत्तेने फर्मान काढून लोकांना आपली बोली सोडण्यास सांगितले. तरीही ख्रिस्तपुराण टिकले, कारण भाविकांनी त्याच्या प्रती हाताने उतरवून जपल्या. 1907 साली मंगळूर येथे जोसेफ सालढाणा यांनी ते पुन्हा छापले. 1956 साली शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले.

येथे आपण स्वतःला विचारले पाहिजे. ज्या भाषेवर सत्तेने बंदी आणली, ती आपल्या पूर्वजांनी राखली. आज तर कोणाची बंदी नाही. तरीही किती घरांत मुलांना ‘हे आमच्या बापा’ मराठीतून येते? मुलांनी इंग्रजी जरूर शिकावे. पण ज्या भाषेत आजी प्रार्थना करते ती नातवाला कळेनाशी झाली, तर भाषेबरोबर श्रद्धेचा एक धागाही तुटतो.

कवीचा खरा सन्मान पुतळ्याने होत नाही, तो वाचनाने होतो. या आठवड्यात कौटुंबिक प्रार्थनेनंतर ख्रिस्तपुराणातील निदान पाच ओव्या मोठ्याने वाचू या. जुना शब्द अडला, तर घरातील वडीलधाऱ्यांना विचारू या. वाचन मात्र मुलांनी करावे आणि आपण ऐकावे.