घोळ : उपटायची की शिजवायची?

प्रश्न : परसबागेत पावसाळ्यात मांसल पानांचं, लालसर देठांचं तण पसरतं. कितीही उपटलं तरी परत येतं. शेजारच्या काकू म्हणतात, मीठ-पाणी ओता. ओतू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मीठ अजिबात नको. तण मरेल न मरेल, माती मात्र खारवेल. वर्णनावरून ही घोळ दिसते, म्हणजे चक्क रानभाजी! खात्रीसाठी देठ मोडून पाहा. पांढरा चीक आला तर ते नायटीसारखं दुसरं तण. ते खायचं नाही. घोळीला चीक नसतो.

उपटून तिथंच टाकत असाल, तर ती परत येणारच. देठाचा तुकडाही ओल्या मातीत मुळं धरतो. बी पडण्याआधी, पिवळी फुलं दिसण्यापूर्वीच मुळासकट काढा, गोळा करून बाहेर न्या आणि वाफ्यावर पालापाचोळ्याचा जाड थर द्या. उजेड अडला की बी फारसं रुजत नाही.

कोवळे शेंडे लसूण-मिरचीच्या फोडणीत मूगडाळीबरोबर परता, आंबूस चवीची भाजी होते. घोळीत ऑक्झलेट भरपूर असतं, त्यामुळे मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी ती टाळावी. तणनाशक फवारलेल्या जागेतली तर कुणीच खाऊ नये.