बापाकडची खूण

लग्न जमवताना आपण कुळ विचारतो. बापाचा बाप, त्याचा बाप, असे चारपाच जण आठवतात. त्यामागचे? ते कोणी लिहून ठेवलेले नसते. पण आपल्या शरीरात ते थोडेफार लिहिलेले असते. कसे, ते पाहू.

शरीर बारीक पेशींचे बनलेले आहे. पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. पुरुषाच्या एका जोडीत एक लहानसे गुणसूत्र असते. त्याला ‘वाय’ म्हणतात. ते बापाकडून मुलाला मिळते, जवळजवळ जसेच्या तसे. वहीवरून वही उतरवताना एखादे अक्षर चुकते ना? तसे इथेही क्वचित होते. मग मुलगा, नातू, पणतू, सगळ्यांच्या वहीत तीच चूक उतरते. दोघा परक्यांत अशा पुष्कळ चुका सारख्या निघाल्या, की समजावे, मागे कधीतरी दोघांचा मूळपुरुष एकच होता.

आपल्या कोकणातलेच उदाहरण घेऊ. रायगड जिल्ह्यात बेने इस्रायल लोक राहत आले. धर्म ज्यू, बोली मराठी. आडनावे पेणकर, दिवेकर, किहीमकर. ते तेल गाळीत, पण शनिवारी घाणा बंद. म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. ते सांगत, फार पूर्वी अलिबागजवळ नवगावला आमचे गलबत फुटले. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. त्यांचे आम्ही वंशज.

ही नुसती गोष्टच का? २०१६ साली शास्त्रज्ञांनी त्यांच्या रक्ताची तपासणी छापली. बापाकडच्या काही खुणा दूरच्या ज्यू लोकांशी जुळल्या. म्हणजे गोष्टीत तथ्य होते! पण आईकडच्या खुणा बहुतेक इथल्याच निघाल्या. पुरुष समुद्रावरून आले असतील. घर मांडले ते इथल्या लेकीबाळींनी.

आता ज्यू धर्मात वंश धरतात तो आईकडून. १९४८ नंतर हे लोक इस्रायलला जाऊ लागले. तिथे लग्नाच्या वेळी धर्माधिकारी त्यांच्या आजी-पणजीचे मूळ विचारू लागले. लोक चिडले, रस्त्यावर बसले. १९६४ साली तो भेद मागे घ्यावा लागला.

आणि हिशेब केलात का? दहा पिढ्या मागे प्रत्येकाचे १०२४ पूर्वज भरतात. ‘वाय’ सांगते ते त्यांतल्या एकट्याचे. उरलेल्या १०२३ जणांविषयी ते मुके आहे.

बेने इस्रायलांच्या घरी शुभकार्यात मलिदा करतात. देव त्यांचा, प्रार्थना हिब्रू. ताटात मात्र पोहे, गूळ आणि ओले खोबरे.